ब्रेकचं चामडं

होटगी रोडला, टायरवाल्याच्या मागं, पत्र्याखाली
ती उभी होती. साठ सालची, नाहीतर एकसष्टची.
कागद उंदरांनी खाल्लेले,
रंग खारकेसारखा, एक दिवा फुटका,
आणि नाकावर तीन काड्यांची चांदणी,
तेवढी मात्र न गंजलेली.

सत्तारचाचा म्हणाले, "काय बघुलालीस गं राजेश्वरी?
सीट उसव. पण दमानं. जर्मन हाय ती."

चनबसप्पा शेठ चादरी धाडायचे बोटीनं हांबुर्गला,
परतीच्या बोटीनं एकदा ही आली म्हणे.
पुढं गिरणी बंद पडली, भोंगा थांबला,
ही मात्र दर दसऱ्याला
झेंडूचा हार घालून, डिझेलवर खोकत खोकत
चालू व्हायचीच.

मी दार लावलं.
थप्प.
खडखड नाही, परत ओढणं नाही.
चादरींचा गठ्ठा गोदामाच्या फरशीवर टेकवावा
तसा आवाज.
तीनदा उघडलं, तीनदा लावलं.
लोक घर विकून असली गाडी कशाला घेतात
ते मला त्या आवाजात कळलं,
चांदणीत नाही.

चहाला चाचा गोष्ट सांगतात, दर वेळी जराशी वेगळी.
पहिली गाडी तीन चाकांची होती.
करणारा घोर लावून बसलेला, घेईना कुणी.
मग त्याची बायको पहाटे उठली,
दोन पोरं बरोबर, नवऱ्याला पत्ता नाही,
निघाली माहेरी. इथून गुलबर्गा धर.
तेल संपलं, औषधाच्या दुकानातून घेतलं.
नळी तुंबली, टोपीची टाचणी काढून खुपसली.
उतारावर ब्रेकचं लाकूड झिजलं
तर एका गावात मोच्याला गाठून म्हणाली,
ह्यावर चामडं ठोक.

चाचा पुढं जातात: शर्यतीच्या गाड्या,
कुण्या गिऱ्हाइकाच्या लेकीचं नाव गाडीला पडलेलं,
राजे, पुढारी, काचा काळ्या.
मग लढाई. परमुलखातून धरून आणलेली माणसं
त्याच कारखान्यात राबवली.
इथं चाचा बशी खाली ठेवतात.
"चांदणी तवाबी चमकतच हुती," म्हणतात,
आणि पान्हा शोधायला उठतात.

मी अजून त्या मोच्यापाशीच असते.
किती मागितले असतील त्यानं?
खिळे जोड्याचेच वापरले?
बाई धूळ उडवत गेल्यावर
घरात काय सांगितलं असेल,
बिनघोड्याचा टांगा आला होता म्हणून?
टाचणीसुद्धा गोष्टीत राहिली.
त्याचं नाव चाचाला ठाऊक नाही.

माझी अम्मा विड्या वळायची,
सुपात तंबाखू, मांडीवर मी.
लेबलावर वाघ असायचा, कारखानदाराचं नाव असायचं.
दोऱ्याची गाठ अम्माची,
ती तर ओढणाऱ्याच्या ओठाजवळ जळून जायची.

दुपारी मागची सीट उसवली.
वरचं कातडं पापडासारखं तडकलं,
खाली घोड्याचे केस, जर्मन, कुरळे, धुळीनं पांढरे.
त्याच्याखाली काथ्या.
काथ्याच्याही खाली, स्प्रिंगांवर टाचून बसवलेला
एक तुकडा, हातभर, विटकरी आणि हिरवा.
मोराची मान, अर्धा पिसारा.
आपली चादर.
टाका आडवा, जरा तिरका, डावखुऱ्या हाताचा.
दोरा मेणवलेला.
कुणीतरी आधीच येऊन गेलं होतं.
कधी, ते विचारायला गिरणीतलं कुणी उरलं नाही.

मी त्या टाक्यांवरून बोट फिरवलं.
एकच सुटला होता, तो घातला.
मग काथ्या, मग नवा फोम, मग कातडं ताणून
वरून शिवून टाकलं.

शेठचा नातू आला, वरातीसाठी हवीय त्याला.
बसला. उसळून बघितलं. हात फिरवला.
दार लावलं. थप्प.
"आत सगळं ओरिजिनल आहे ना?"

मी सुई उशीत खोचली.
"हो," म्हटलं. "ओरिजिनलच."